पावसाळ्यात टेलिप्रिंटर भलतीच अक्षरं छापतो: किनाऱ्यावरच्या मशीनचा दरवर्षीचा बिघाड

मे महिन्यापर्यंत तारेतून आलेला मजकूर अक्षर न् अक्षर बरोबर छापणारं टेलिप्रिंटरचं मशीन मृग लागून आठ-दहा दिवस झाले की वेडंवाकडं लिहायला लागतं. आधी एखाद-दुसरं अक्षर चुकतं. मग ओळीच्या मध्येच आकडे सुरू होतात, पीटीआय पाठवलं तर कागदावर ०५८ उमटतं, ओळ अर्धी असतानाच कॅरेज मागे धावते. श्रावणात उघडीप मिळाली की दोन दिवस बरं चालतं, दिवाळीनंतर तर काहीच न करता ठीक होतं. आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच.

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राच्या वाऱ्यात, हौसेने घरी ठेवलेल्या जवळपास प्रत्येक मशीनची ही तक्रार आहे. मग ते क्रीड ७ असो, हिंदुस्थान टेलिप्रिंटर्सचं मद्रासमध्ये बनलेलं असो, टेलिटाइप मॉडेल १५ असो की सीमेन्स टी-१००. लोक दोन चुका करतात. एक, मशीन म्हातारं झालं, झिजलं असं धरून चालतात. दुसरी, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दिसेल तो स्क्रू फिरवतात. ही मशीनं तार ऑफिसांत आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत दिवसरात्र चालण्यासाठी बनली होती. घरी तासभर चालवून त्यांचे कॅम झिजत नाहीत. ती चिकटतात. वर्षानुवर्षं बंद पडून राहिल्यामुळे जुनं तेल लाखेसारखं झालेलं असतं, त्यामुळे मशीनचं निम्मं मार्जिन (चूक सोसायची ताकद) कोरड्या दिवसांतही गेलेलंच असतं. उरलेलं पावसाची ओल खाते.

चूक वाचायला शिका

हत्यार उचलण्याआधी मशीनला आर आणि वाय ही दोन अक्षरं आलटून-पालटून पाच मिनिटं पाठवा. हीच दोन का, ते समजून घेतलं की निदान सोपं होतं. प्रत्येक अक्षर पाच घटकांचं असतं. त्याच्या आधी एक स्टार्ट घटक, शेवटी दीड घटकाचा स्टॉप. ५० बॉडवर (सेकंदाला ५० घटक) एक घटक २० मिलिसेकंदांचा, म्हणजे पूर्ण अक्षर १५० मिलिसेकंदांत, मिनिटाला ४०० अक्षरं. करंट आहे तो मार्क, नाही तो स्पेस; मार्कला मशीनमधलं चुंबक समोरची लोखंडी पट्टी, म्हणजे आर्मेचर, ओढून धरतं. आरमध्ये २ आणि ४ हे घटक मार्क असतात, वायमध्ये १, ३ आणि ५. म्हणजे दोन्ही मिळून पाचही घटक तपासले जातात आणि चुंबकाला जवळजवळ प्रत्येक घटकाला उघडझाप करावी लागते. याहून कठीण परीक्षा नाही.

आता कागदावर काय आलं ते बघा.

आरच्या जागी जे, सी किंवा जी आणि वायच्या जागी क्यू किंवा एक्स येत असेल, तर मार्क वाढताहेत. स्पेसच्या जागीही चुंबक धरून बसतंय. कारण बहुतेक वेळा आर्मेचर चिकटणं, नाहीतर करंट पूर्ण बंद न होणं.

आरच्या जागी कॅरेज परत जाते किंवा कागद एक ओळ सरकतो, आणि वायच्या जागी एच, झेड, एस उमटतात, तर मार्क गळताहेत. करंट कमी आहे किंवा चुंबकाला ओढायला वेळ लागतोय. ओळ अर्धी असताना कॅरेज मागे जाण्याचं कोडं इथे सुटतं: आरमधला दुसरा घटक गळला की उरलेला एकटा चौथा घटक म्हणजे कॅरेज रिटर्न.

आरचा फक्त जी होतो, वाय मात्र बरोबर येतो, तर मोटर हळू चालतेय. मशीन पाचवा घटक उशिरा बघतं, तोवर स्टॉप सुरू झालेला असतो, आणि स्टॉप हा मार्कच. साध्या मजकुरात याची खूण म्हणजे शब्दांमधल्या मोकळ्या जागेत एच उमटणं. आरचा जी आणि सोबत वायचा एस होत असेल तर उलट, मोटर जोरात आहे.

एकच घटक दर वेळी चुकत असेल, उदाहरणार्थ वायचा कायम झेडच होतो, एच किंवा एस कधीच नाही, तर वीज आणि वेग दोन्ही निर्दोष. तिसऱ्या घटकाची पट्टी किंवा तिचा लिव्हर अडकतोय. तेवढीच जागा स्वच्छ करायची.

ओळभर आकडे येण्याचं वेगळं कारण शोधू नका. आकडे चालू करणारा संकेत १, २, ४, ५ असा आहे. बीमध्ये दुसरा घटक, डब्ल्यूमध्ये चौथा किंवा जेमध्ये पाचवा घटक चुकून वाढला की तोच संकेत तयार होतो आणि पुढचं सगळं आकड्यांत छापलं जातं. अर्थात मूळ संकेत बरोबर येऊनही शिफ्टची यंत्रणा परत येत नसेल तर तो चिकटपणाचा प्रश्न, आरवाय चाचणीत सगळं स्वच्छ दिसूनही आकडे अडकून बसतात ते यामुळे.

देवनागरी मशीन असेल तर अक्षरांचा तक्ता वेगळा लागेल, निदानाची रीत हीच.

दुसरी चाचणी रेंजची. रेंजफाइंडरचा काटा (मशीन घटक कोणत्या क्षणी बघतं ते पुढे-मागे करणारा) हळूहळू खाली न्या, चूक सुरू होईल तो अंक लिहा, मग वर न्या, तिथला अंक लिहा. ० ते १२० पट्टी असलेल्या टेलिटाइपवर निरोगी मशीन सत्तरच्या आसपास अंकांच्या पट्ट्यात बिनचूक छापतं. हीच चाचणी जानेवारीत करून अंक मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलेले असतील तर जूनमध्ये निम्मं काम झालेलं असतं. काटा शेवटी त्या पट्ट्याच्या मधोमध ठेवायचा. बिघाड तसाच ठेवून काटा सरकवत राहणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणं.

आर्मेचर: कागदाची पट्टी

मार्क वाढण्याच्या तक्रारीत सगळ्यात आधी इथे बघा. कारण ही जागा लहान आहे, दिसत नाही, आणि मशीनला मायेने भरपूर तेल पाजणाऱ्यांच्या हातून हमखास बिघडते. चुंबकाचं टोक आणि आर्मेचर यांच्यात तेलाचा पापुद्रा बसला की दोन ओल्या काचा चिकटतात तशी ती दोन पृष्ठं चिकटतात. करंट गेला तरी आर्मेचर चार-सहा मिलिसेकंद उशिरा सुटतं. २० मिलिसेकंदांच्या घटकात ६ मिलिसेकंद म्हणजे ३० टक्के. पावसाळ्यात त्या तेलात ओल मिसळते, कडेला गंजाची तांबूस रेघ धरते, आणि पापुद्रा आणखी धरून ठेवतो.

मशीनचा प्लग काढा. लूपचा (चुंबकातून करंट फिरवणाऱ्या जोडणीचा) पुरवठा बंद करा, त्यातला कपॅसिटर रिकामा झाल्याची मीटरने खात्री करा. मग वहीच्या साध्या कागदाची १० मिलिमीटर रुंद, बोटभर लांब पट्टी कापा. चुंबकाचं टोक आणि आर्मेचर यांच्यात ती सरकवा, आर्मेचर बोटाने हलकं दाबा आणि पट्टी सावकाश ओढून काढा. पहिल्या पट्टीवर पिवळट-तपकिरी डाग दिसेल, कधी कधी काळा. दुसरी पट्टी घ्या. डाग फिका होतो. पाच-सहा पट्ट्या लागतात, जुनाट मशीनला दहाही. पट्टी कोरी निघाली की थांबा. कागदाचा तंतू आत राहिला असेल तर फुंकर मारून काढा, कारण तो तंतूही अंतर बिघडवतो. सँडपेपर, ब्लेड, नखं घासायची कानस, काहीही नको. ते पृष्ठ जितकं गुळगुळीत आहे तितकंच राहिलं पाहिजे. आणि तिथे तेलाचा थेंब पुन्हा कधीही टाकायचा नाही, आर्मेचरच्या बिजागरीला मात्र टाचणीच्या टोकावर मावेल इतका.

क्रीड ७ मध्ये मूळ रचना दुहेरी करंटची आहे. आर्मेचरला परत आणायला स्प्रिंग नाही, उलट दिशेचा करंट त्याला परत नेतो, साधारण अधिक ८० आणि उणे ८० व्होल्टवर. तिथे दोन्ही बाजूंचा करंट सारखा आहे का ते आधी मोजा. एक बाजू कमी पडली की हीच लक्षणं दिसतात आणि माणूस उगाच आर्मेचर घासत बसतो.

लूपचा करंट

हल्ली मशीनला जुनी तारेची लाइन नसते, संगणक किंवा छोटा मायक्रोकंट्रोलर एका ट्रान्झिस्टरमार्फत ते चालवतो. या घरगुती जोडणीतल्या दोन चुका आम्हाला वारंवार दिसतात.

पहिली, कमी व्होल्टेजचा पुरवठा. २४ व्होल्टवर करंट पूर्ण मिळतो म्हणून माणूस खूश होतो, पण चुंबकाची कॉइल म्हणजे मोठी इंडक्टन्स आहे, तिच्यात करंट सावकाश चढतो. पुरवठा जास्त व्होल्टचा आणि सोबत मोठा रोध असेल तर करंट झटकन चढतो. म्हणून १२० व्होल्ट डीसी घ्या. मॉडेल १५ च्या कॉइल समांतर जोडलेल्या असतील तर ६० मिलिअँपिअर लागतात, म्हणजे एकूण रोध २००० ओहम, त्यावर ७ वॉटपेक्षा जास्त उष्णता. रोध २५ वॉटचा वायरवाउंड घ्या. सीमेन्स टी-१०० ला ४० मिलिअँपिअर, म्हणजे ३००० ओहम, ५ वॉटच्या आसपास उष्णता, रोध १५ वॉटचा. कॉइलचा स्वतःचा रोध मोजून तेवढा एकूणातून वजा करा.

दुसरी चूक जास्त लपलेली. ट्रान्झिस्टर जळू नये म्हणून कॉइलवर सरळ एक डायोड उलटा जोडलेला असतो. रिलेसाठी ते ठीक. इथे मात्र करंट बंद केल्यावर तो त्या डायोडमधून फिरत राहतो आणि आर्मेचर सोडायला उशीर होतो. म्हणजे मार्क वाढतात. कोरड्या दिवसांत मशीन हे सोसतं, जूनमध्ये सोसत नाही. डायोडसोबत एक रोध जोडा. कॉइलच्या रोधाच्या तीन-चार पट रोधापासून सुरुवात करा. ६० मिलिअँपिअरला १००० ओहम म्हणजे ६० व्होल्टचा झटका, तो पुरवठ्याच्या १२० मध्ये मिळवला की १८०, म्हणून ट्रान्झिस्टर किमान ३०० व्होल्टचा हवा.

आता ओल. लूपमध्ये मिलिअँपिअर मीटर लावा आणि सतत स्पेस पाठवा. मीटर शून्य दाखवला पाहिजे. २-३ मिलिअँपिअर दिसले तर कुठून तरी गळती आहे: १२० व्होल्टला ४० हजार ओहमची ओलसर वाट मिळाली की तेवढे वाहतात. बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. कापडी आवरणाच्या वायरी, टर्मिनलची फायबरची पट्टी, की-बोर्डच्या संपर्कांखालचं इन्सुलेशन आणि प्लगचा बेकलाइटचा भाग. खाऱ्या हवेतलं मीठ या पट्ट्यांवर बसतं आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून नुसतं वाळवून भागत नाही, वाळलेलं मीठ पुढच्या सरीला पुन्हा ओलं होतं. आधी डिस्टिल्ड पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने मीठ पुसा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मग गरम हवेने वाळवा. डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात मिळतं. शहाबाद फरशीवर उभं केलेलं किंवा जांभ्याच्या भिंतीला टेकवलेलं मशीन तर ओल खालून आणि मागून दोन्हीकडून घेतं. चार बोटं जागा सोडा, खाली लाकडी फळी टाका.

मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) असेल तर इलेक्ट्रॉनिक्स पूर्ण सुटं करून ५०० व्होल्टवर कॉइल आणि सांगाडा यांच्यातला रोध मोजा. १ मेगओहमच्या खाली असेल तर मोटर चालू करू नका. सांगाड्याला अर्थिंग आणि घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), या दोन गोष्टींशिवाय पावसाळ्यात या मशीनला हात लावणं मूर्खपणा आहे.

करंट ठीक, बाहेरून पाठवलेलं बरोबर छापतं, पण याच मशीनच्या की-बोर्डवरून टाइप केलेलं चुकतं, असं असेल तर दोष ट्रान्समीटरच्या संपर्कांचा. पितळेच्या भांड्यावर येतो तसा हिरवा कळंक तिथे दिसतो. जाड कोऱ्या कार्डाला अल्कोहोल लावून संपर्कांमधून दोन-तीनदा ओढा.

वेग आणि संध्याकाळचं व्होल्टेज

मशीनचा वेग ठरलेल्या वेगापासून पाऊण टक्क्याहून जास्त ढळू नये असा नियम आहे. कागदावर हिशेब केला तर पाचव्या घटकापर्यंत ९ टक्के चूक मशीन खपवून घेईल असं दिसतं, पण ते बाकी सगळं आदर्श असताना. चिकटलेल्या मशीनला ३ टक्केही पुष्कळ होतात.

गव्हर्नर (वेग धरून ठेवणारी यंत्रणा) असलेल्या मोटरवर काळ्या-पांढऱ्या खुणांची पट्टी असते. १२५ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कच्या (ठरलेल्या वेगाने थरथरणाऱ्या चिमट्याच्या) टोकांवरच्या फटीतून ती बघायची. फट सेकंदाला २५० वेळा उघडते. मोटर मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल तर पाच काळ्या-पाच पांढऱ्या खुणांची पट्टी जागच्या जागी थांबलेली दिसते. मॉडेल १५ च्या २१०० फेऱ्यांच्या मोटरला ८७.६ चा फोर्क लागतो. खुणा फिरण्याच्या दिशेने सरकत असतील तर मोटर जोरात आहे, उलट्या सरकत असतील तर हळू. फोर्क नसेल तर मायक्रोकंट्रोलरवर एक पांढरा एलईडी सेकंदाला अचूक २५० वेळा, अगदी थोडा वेळ पेटेल असा लुकलुकवा आणि खोलीत अंधार करून बघा. फोर्कइतकाच विश्वासाचा.

अंधार केलाच आहे तर गव्हर्नरच्या संपर्काकडेही लक्ष द्या. तिथे सतत बारीक ठिणगी लुकलुकली पाहिजे. संपर्क उघडतो-मिटतो आणि वेग धरून ठेवतो त्याची ती खूण. ठिणगी अजिबात नसेल आणि मोटर हळू असेल तर संपर्क कायम मिटलेला आहे, म्हणजे मोटर त्या वेगापर्यंत पोचतच नाही. कारणं बहुतेक वेळा दोनच: व्होल्टेज पडलंय किंवा वंगण घट्ट झालंय. वाडीच्या टोकाला, ट्रान्सफॉर्मरपासून लांब असलेल्या घरी संध्याकाळी २३० चे १८० होतात तेव्हा चांगली मोटरही हरते. आधी मीटर लावून बघा, मग गव्हर्नर खोला. दुपारी बरोबर आणि दिवेलागणीला चुकीचं छापणारं मशीन बिघडलेलं नाही, त्याला स्टॅबिलायझर हवा.

ठिणगी मोठी, निळी आणि चरचरणारी असेल तर संपर्काला समांतर असलेला कागदी कपॅसिटर ओल पिऊन मेलाय. जुन्यावर छापलेल्याच मूल्याचा, एक्स-टू वर्गाचा नवा लावा.

अमेरिकेतून आलेलं, सिंक्रोनस मोटरचं मशीन असेल तर हा सगळा खटाटोप व्यर्थ. ६० हर्ट्झची मोटर आपल्या ५० हर्ट्झवर १८०० ऐवजी १५०० फेऱ्या घेते, ४५.४५ बॉडचं मशीन ३८ च्या खाली जातं. गिअर बदला, नाहीतर पाठवण्याचाच वेग तितका कमी करा. शिवाय त्या मोटरला ११० व्होल्ट लागतात आणि ५० हर्ट्झवर ती जास्त तापते, तेवढं ध्यानात ठेवा.

जुनं तेल काढणं

वरचं सगळं करूनही रेंज पन्नासच्या वर जात नसेल तर मशीन धुवायचं. हे काम आगोटीला करायचं, मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, पापड-मिरच्या उन्हात असतात तेव्हा. पावसात धुतलेलं मशीन नीट वाळत नाही.

रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन एक लिटर पुरतं. रॉकेल चालतं, पण मागे तेलकट थर ठेवतं. १२ मिलिमीटरचा एक ब्रश, जुने दोन टूथब्रश, खाली पत्र्याचा ट्रे. छपाईचा भाग सुटा होत असेल तर सोडवून घ्या, मेन शाफ्ट मात्र काढू नका. काढणं सोपं, बसवणं नाही. काढण्याआधी प्रत्येक बाजूने फोटो. द्रावक रबराच्या प्लेटनला (कागदामागच्या रुळाला), कॉइलना आणि कापडी वायरींना लागता कामा नये. त्यावर आधीच प्लॅस्टिक बांधा.

सिलेक्टरच्या (घटक ओळखणाऱ्या यंत्रणेच्या) पट्ट्या आणि लिव्हर ब्रशने भिजवत एकेक बोटाने हलवा. सुरुवातीला त्या दाटसर मधात असल्यासारख्या हलतात. सोडल्यावर स्प्रिंगने टचकन जागेवर आल्या पाहिजेत. एखादी रेंगाळली तर तीच तुमचा दोषी घटक. पुन्हा भिजवा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा हलवा. पक्कडीने ओढू नका. स्प्रिंगवर गंजाचे खड्डे दिसले तर ती बदला, कारण खाऱ्या गंजाची स्प्रिंग ताण दाखवते ठीक आणि तुटते मध्यरात्री. नवी त्याच जाडीच्या तारेची, तितक्याच वेढ्यांची. अंदाजाने घट्ट स्प्रिंग लावली की मार्क गळायला लागतात.

मॉडेल १५ च्या क्लचमध्ये फेल्टच्या चकत्या असतात. त्या कोरड्या पडल्या की क्लच कधी धरतो, कधी घसरतो, आणि चूक कोणत्याच नियमात बसत नाही. चकत्या टर्पेंटाइनमध्ये धुवा, पिळा, वाळवा आणि नव्या तेलात रात्रभर बुडवून ठेवा. बसवताना तेल ठिबकू नये इतपत दाबून काढा. वंगणाच्या वातींचंही तसंच.

धुतल्यावर चोवीस तास पंख्याखाली किंवा उन्हात. घाई केली तर गव्हर्नरची आणि कम्युटेटरची ठिणगी त्या वाफेला पेटवते. हा धोका कल्पनेतला नाही.

तेल कोणतं? टेलिटाइपच्या मूळ पुस्तिकांत केएस ७४७० तेल आणि केएस ७४७१ ग्रीस सांगितलंय. ते आता शोधत बसू नका. डिटर्जंट नसलेलं, व्हीजी ३२ दर्जाचं टर्बाइन किंवा स्पिंडल तेल बाजारात मिळतं, ते घ्या. शिलाई मशीनचं तेल बारीक लिव्हरना चालतं, शाफ्टच्या बेअरिंगला पातळ पडतं. फवारून गंज सोडवणारे डबे म्हणजे वंगण नव्हे, त्यांचा थर उडून गेला की भाग कोरडा. आणि खोबरेल? कोकणात घरोघरी ते हाताशी असतं, कुलपाला, दाराच्या बिजागरीला, सगळ्याला तेच. टेलिप्रिंटरला अजिबात नको. ते खवट होतं, त्यातली आम्लं पितळ खातात, हिरवा चिकटा धरतो. शिवाय २४ अंशांच्या खाली ते गोठतं, म्हणजे पौषातल्या पहाटे मशीन हलणारच नाही. जुन्या मशीनमध्ये हिरवट, वास मारणारा चिकटा सापडला की समजायचं, कुणीतरी प्रेमाने खोबरेल घातलंय. तो निघायला टर्पेंटाइनचे तीन हात लागतात.

तेल सुईच्या टोकावरून, सांध्याला एक थेंब. पुसल्यावर बोटाला चमक लागेल इतकंच उरलं पाहिजे.

कोरडं ठेवणं

मृग लागला की बंद करून गणेशचतुर्थीला उघडायचं, हा मशीन मारण्याचा खात्रीचा मार्ग. पावसाळ्यात रोज दहा मिनिटं चालवा. त्याहून महत्त्वाचं, झाकणाखाली ऊब ठेवा. खोलीत २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर झाकणाच्या आत ३३ अंश केल्यावर तीच हवा साधारण ६४ टक्क्यांवर येते. पाण्याचा एक थेंबही बाहेर न काढता. कपड्यांच्या कपाटात बल्ब लावून ठेवायची आपली जुनी पद्धत याच हिशेबावर चालते. पण एलईडी बल्ब त्या कामाचा नाही, तो तापत नाही. जुना २५ वॉटचा पिवळा बल्ब मिळाला तर उत्तम. नाहीतर अॅल्युमिनियमच्या खोळीतला ५० वॉटचा २२०० ओहमचा रोध घ्या, तो २३० व्होल्टवर २४ वॉट देतो. अर्थ केलेल्या पत्र्यावर तो स्क्रूने बसवा, टोकं स्लीव्हने पूर्ण झाका, सोबत थर्मल फ्यूज घाला, आणि कागद, कापड, रबर यांपासून वीतभर लांब ठेवा. झाकणावरून साधी चादर चालते. प्लॅस्टिक नको, आत घाम धरतं. आतली आर्द्रता ५० ते ६५ टक्क्यांत राहील असं बघा.

सिलिका जेलची पुडी उघड्या मशीनमध्ये ठेवणं म्हणजे समुद्र चमच्याने उपसणं. मशीन महिनोन्महिने बांधून ठेवायचं असेल तरच, जाड पॉलिथिनमध्ये हवाबंद करून, अर्धा किलो जेल. रंग बदलला की ११०-१२० अंशांना भाजून पुन्हा वापरायचं.

महिनाभर बंद राहिलेलं मशीन लगेच लूपला जोडू नका. आधी बारा तास ऊब, मग गळतीची मोजणी, मग मोटर. आणि मोटरच्या हवेच्या झरोक्यांमध्ये टॉर्च मारून बघा: कुंभारीण माशी तिथे हटकून मातीचं घर करते, आणि ती माती पंख्यात गेली की ब्रश खाते. झरोक्यांवर बारीक जाळी ताणून बसवली की हा त्रास संपतो, वारा अडत नाही.

कागदाचा रोल ओल पिऊन फुगतो आणि कडेला वळतो; कागद तिरका जात असेल तर प्लेटनला दोष देण्याआधी पत्र्याच्या डब्यात बंद ठेवलेला दुसरा रोल लावून बघा. पाच छिद्रांच्या टेपचंही तेच, ओली टेप पंचाखाली कापली न जाता फाटते. रिबनवर पांढरी बुरशी दिसली तर ती टाकून द्या. पुसून लावली तर बुरशी टाइपच्या खोबणीत जाऊन बसते, आणि ई, ओ, ए भरून काळे छापायला लागतात. मग एकेक टाइप टाचणीने कोरत बसावं लागतं.